कवडी पारखायची कशी?

जत्रेत कवड्यांचा ढीग दिसला की हात आपसूक सगळ्यात चकचकीत कवडीकडे जातो. मीही एकदा अशाच सहा घेतल्या. घरी आल्यावर त्यातल्या दोन प्लास्टिकच्या निघाल्या. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे.

आधी कवडी उताणी करा. पाठीवर फसवणूक सोपी, पोटाकडे अवघड. खऱ्या कवडीच्या फटीला दोन्ही कडांनी दात असतात आणि त्यांची जाडी, अंतर थोडं कमीजास्त असतं. दोन-चार कवड्या शेजारी ठेवा. सगळ्यांचे दात तंतोतंत सारखे दिसले तर त्या साच्यातून आल्या आहेत. कडेला जोडाची बारीक रेघ दिसते का, तेही बघा. नंतर ती गालाला लावा: खरी गार लागते. स्टीलच्या ताटलीवर हलकेच टाका, चिनीमातीसारखा खणखणीत आवाज यायला हवा. तरीही शंका उरली तर तापवलेली सुई टेकवा. प्लास्टिक लगेच वितळतं. व्हिनेगर टाकून बुडबुडे बघायचा सल्लाही मिळेल. चुनखडीचं कवच असल्यामुळे बुडबुडे येतात खरे, पण त्या जागची झिलई कायमची जाते. हा प्रयोग फुटक्या कवडीवरच करावा.

आता जात ओळखायची. पाठ पिवळट, मागच्या बाजूला रुंद, कडेला गाठी, आकार साधारण त्रिकोणी असेल तर ती जुन्या चलनातली कवडी, मोनेटारिया मोनेटा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये शास्त्रीय नाव देताना ‘मोनेटा’ म्हणजे नाणं हाच शब्द निवडला. मालदीवमधून ती जहाजं भरभरून बंगालला आणि पुढे पश्चिम आफ्रिकेपर्यंत जाई. आपल्याकडे त्या व्यवहारातलं ‘कवडीमोल’ तेवढं उरलं. पाठीवर केशरी-सोनेरी कडं दिसलं तर मात्र ती तिची बहीण, मोनेटारिया ॲन्युलस. ढिगात दोघी सर्रास मिसळलेल्या असतात.

आकारावरून वय ठरवू नका. कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचं कवच. लहानपणी ते पातळ ओठाचं, पिळदार असतं. कवडी वाटतच नाही. पुढे बाहेरची कड आत वळते, दात येतात, टोक झाकलं जातं. त्यानंतर कवडी फक्त जाड होते, लांब नाही. म्हणून पूर्ण वाढलेली कवडीही छोटी असू शकते.

पूजेसाठी ‘अस्सल पिवळी’ म्हणून मिळणारी कवडी ओल्या कापसाने पुसा. कापूस पिवळा झाला तर रंग दुकानातला. तुळजाभवानीच्या भक्तांच्या माळेतल्या काही कवड्यांची पाठ घासून काढलेली असते. हा दोष नाही, ती ओवण्याची सोय. उलट तिथून आतला पीळ दिसतो, आणि साच्यातल्या कवडीत तो नसतो.

किनाऱ्यावर सापडलेल्या कवडीच्या फटीत मांस दिसलं किंवा कवचावर ठिपकेदार कातडी ओढलेली असली तर ती जिवंत आहे. जागची हलवू नका. तिची चकाकी त्या कातडीनेच येते.

रिकामी कवडी कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रश फिरवा आणि सावलीत वाळवा. ब्लीच नको. नव्या प्लायवूडच्या पेटीतही ठेवू नका: लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने पाठीवर पांढरी भुकटी धरते. काचेची बरणी उत्तम.