आरव्ही भाड्याने घेताना आधी लांबी बघा

आईबाबांना घेऊन अमेरिकेतली नॅशनल पार्क फिरायची असतील, तर आरव्हीचे, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीचे, प्रकार आधी समजून घ्या. ए, बी, सी या अक्षरांवरून दर्जा ठरत नाही. ‘ए’ म्हणजे बससारखी अवाढव्य गाडी, ‘बी’ म्हणजे व्हॅनमध्येच थाटलेलं छोटं घर, आणि ‘सी’ आकाराने साधारण मधली, ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असलेली. (पोरं तो बेड सगळ्यात आधी पटकावतात.) कुटुंबासाठी मला ‘सी’च सोयीची वाटते.

ट्रेलर (चाकांवरचं घर) आपल्या गाडीच्या मागे जोडून ओढायचा असतो. तो कॅम्पवर सोडला की गाडी फिरायला मोकळी. फिफ्थ व्हील या प्रकारच्या ट्रेलरला मात्र पिकअप ट्रकच लागतो, कारण त्याची जोडणी ट्रकच्या हौद्यात बसते.

बुकिंगआधी लांबी नक्की तपासा. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या घाटात बंपर धरून 21 फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. ग्रँड कॅन्यनच्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये मर्यादा 30 फुटांची आहे. म्हणजे 25 फुटी ‘सी’ मेदरला आरामात उभी राहील, पण ग्लेशियरचा तो घाट बघायला पार्कची शटल बस किंवा लहान गाडी शोधावी लागेल.