गलबतवाल्या शेटजींचे चरित्र कसे लिहावे

हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरगावांत जहाजी व्यापारावर मोठा झालेला, पुढे नगरपालिकेत बसलेला आणि शाळा किंवा वाचनालय बांधून दिलेला एखादा गलबतमालक लोकांच्या आठवणीत असतो. त्याचे चरित्र लिहिताना आरंभ दानापासून न करता गलबतापासून करावा. पैसा कसा आला हे समजल्याशिवाय तो देण्याचे मोल कळत नाही.

सर्वांत मोलाचे साधन म्हणजे घरच्या माळ्यावरच्या कीर्द-खतावण्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या आणि खातेवार हिशेबाच्या वह्या. त्या बहुधा मोडी लिपीत असल्याने जाणकाराला सोबत घ्यावे. मिती (तारीख) इसवी सनात नीट उलगडावी: शके असल्यास चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून ७९ मिळवावेत; कार्तिकी (कार्तिकापासून सुरू होणारे विक्रम) संवत असल्यास डिसेंबरपर्यंत ५७ आणि पुढे ५६ वजा करावेत. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद असल्याने आषाढ-श्रावणाच्या पानांवर भाड्याची जमा क्वचितच दिसते. तेथे शिडाचे कापड, दोर, सांध्यांत भरायचा कापूस आणि खलाशांना दिलेली उचल असते. ही पाने सावकाश वाचावीत. तांडेलाच्या (खलाशांच्या प्रमुखाच्या) घरी आजारपण असताना उचल वाढवून दिली का, बुडालेल्या खलाशाच्या नावावरचे येणे माफ केले की मुलाच्या नावे ओढले, हे इथेच कळते, आणि माझ्या मते शेटजींच्या दानतीची खरी परीक्षा कोनशिलेवर नव्हे, या पानांवर होते.

बंदरांच्या व्यापाराची पार्श्वभूमी १८८० च्या रत्नागिरी व सावंतवाडी गॅझेटियरमधून घ्यावी. आगबोटी आल्यावर शेटजींनी काय केले, गलबते विकली की आगबोटीची एजन्सी घेतली, हे अवश्य शोधावे.

नगरपालिकेच्या कामासाठी गौरवांक पुरेसे नाहीत. सभांची इतिवृत्ते मागावीत आणि पाणी, दिवाबत्ती, धक्का यांच्या ठरावांवर त्यांनी कोणत्या बाजूने मत दिले ते टिपावे, विशेषतः जकातीवर, कारण तेथे त्यांचा स्वतःचा माल अडकलेला असे. संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असल्यास धर्मादाय कार्यालयातील नोंद आणि मूळ दानपत्र पाहावे. फलकावरचे वर्ष दानपत्राशी जुळत नसेल तर दानपत्र प्रमाण मानावे.

मसुदा झाला की तो वारसांप्रमाणेच तांडेल-खलाशांच्या घरांतही वाचून दाखवावा, आणि त्यांनी सांगितलेली नावे छपाईपूर्वी पुस्तकात घालावीत.