बॅटरी ठणठणीत, तरी गाडी मेलेली

रंकाळ्याच्या कडेनं येताना भर पावसात गाडी एकाएकी बंद पडली. हेडलाइट, वायपर, हॉर्न, सगळंच गेलं. चावी फिरवली तर साधी ‘टक’सुद्धा नाही. ढकलून कडेला घेतली. मदतीला थांबलेला एक जण म्हणाला, "भावा, बॅटरी गेली बघ."

मला पटेना. बॅटरी थकली की दिवे आधी मंद होतात, असं एका झटक्यात सगळं जात नाही. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर डिकीत असतोच. बॅटरीच्या दोन टोकांवर १२.५ व्होल्ट. म्हणजे बॅटरी शाबूत, विजेची वाट तुटलेली.

मग हेडलाइटचं बटण चालू ठेवून एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवली. इथं जवळपास शून्य यायला हवं, आले ९ व्होल्ट! दोष अर्थिंगचाच, म्हणजे निगेटिव्ह आणि बॉडी यांच्या जोडाचा. (ही तपासणी लोड, म्हणजे हेडलाइटसारखं वीज खाणारं काहीतरी, चालू ठेवूनच करा, नाहीतर खराब जोडही चांगला भासतो.)

निगेटिव्हची वायर बॉडीला जिथं बोल्टनं बसते, तिथं बोट लावताच टॅग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हलला. खाली तांबूस गंज, तांब्यावर हिरवट भुकटी. बोल्ट काढला, टॅग आणि पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, घट्ट आवळला. घरी आल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली.

आता तिथं ०.०५ व्होल्ट दाखवतो.