केस्वाचाकाचा गवती पूल: कुस्कोहून एका दिवसात

पेरूला जाताय, तर माचू पिचूखेरीज एक दिवस केस्वाचाकासाठी राखून ठेवाच. आपुरिमाक नदीवरचा हा सुमारे २८ मीटर लांबीचा झुलता इंका पूल गवताच्या दोरखंडांनी विणलेला आहे. आसपासच्या चार गावांतले लोक दर जूनमध्ये जुना पूल कापून नदीत सोडून देतात आणि नवा बांधतात. २०१३ साली युनेस्कोने या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

शक्यतो जूनच्या मध्यानंतर लगेच जा, तेव्हा दोर नवे आणि ताणलेले असतात. तिथला पावसाळा (साधारण नोव्हेंबर ते मार्च) संपेपर्यंत गवत कुजू लागतं. २०२० मध्ये महामारीमुळे नवा पूल बांधता आला नाही आणि मार्च २०२१ मध्ये जुना कोसळला, इतकं हे वेळेवर अवलंबून आहे.

कुस्को शहरातून गाडीने एका बाजूला तीनेक तास लागतात, म्हणून सहली पहाटेच निघतात. पूल जवळपास ३,७०० मीटर उंचीवर आहे. आधी दोन दिवस कुस्कोत काढून विरळ हवेची सवय करून घ्या. बुकिंग करतानाच पूल ओलांडू देतात का आणि गावाचं प्रवेशशुल्क त्यात धरलंय का, हे विचारा. ओलांडताना मोबाइल खिशात, दोन्ही हात कठड्याच्या दोरांवर.