देशात मानसिक आजार किती, हे मोजायचं कसं

डिप्रेशनचे लोक किती असं विचारलं की पहिले दवाखान्याचं रजिस्टर काढतात अन् गडबड तिथूनच सुरू होते, कारण रजिस्टरात फक्त दवाखान्याची पायरी चढलेला माणूस असतो. 2015-16 ला बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, 12 राज्यांत 34,802 मोठ्या माणसांना घरी जाऊन विचारलं, तेव्हा सध्या आजार असलेले 10.6 टक्के निघाले, आणि आजार कोणता त्याप्रमाणे 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. (या 10.6 मध्ये तंबाखूचं व्यसन धरलेलं नाही. आमच्याकडचा खर्रा बघता हे आधीच ठरवावं लागते, काय मोजायचं अन् काय नाही.) महाराष्ट्र त्या 12 राज्यांत नव्हता, हे मला अजून टोचते.

मग घरोघर जायचं, पण कोणाच्या घरी? गावात शिरलं की कोणीतरी म्हणतेच, "मॅडम, त्या घरी जा, त्याले लय टेन्शन हाय." मन चांगलंच असते त्यांचं, पण तसं गेलं की आकडा फुगला समजा. आधी गावांची यादी लोकसंख्येसकट घ्यायची, चिठ्ठीनं गावं काढायची, मोठ्या गावाला चान्स जास्त, मग त्या गावातल्या सगळ्या घरांची यादी, पारध्यांची वस्ती (बेडा) अन् टेकडीवरची कोलामांची वस्ती (पोड) हीही त्यात आलंच पाहिजे, अन् त्यातून पुन्हा चिठ्ठीनं घरं.

किती माणसं लागतात? 10 टक्के अंदाज धरला आणि दोन टक्के इकडेतिकडे चालते म्हटलं तर 864. पण एका गावातले लोक एकमेकांसारखेच असतात, म्हणून दुप्पट करा, 1,728, अन् बंद घरं, नाही म्हणणारे धरून 1,900 च्या वर. हे एका जिल्ह्यापुरतं. देशासाठी राज्याराज्यात असंच करून लोकसंख्येप्रमाणे वजन द्यावं लागते.

कापूस वेचणीच्या दिवसात दुपारी गेलात तर घरी म्हातारे अन् लेकरंच भेटतात. कुलूप दिसलं म्हणून शेजारच्या घरचा फॉर्म भरायचा नाही, सांजच्याला पुन्हा जायचं, तीनदा जायचं.

विचारणं सगळ्यात कठीण. पीएचक्यू-9 ही डिप्रेशनची प्रश्नावली, तिच्यात 9 प्रश्न, 0 ते 27 मार्क, 10 किंवा त्याच्यावर गेलं की संशय. ही फक्त चाळणी आहे, आजार ठरवायला शिकलेल्या माणसानं पूर्ण मुलाखत घ्यावी लागते. त्यातही "मागचे दोन आठवडे" म्हटलं की लोकं गोंधळतात, म्हणून मी "मागच्या दोन बाजारांपासून" असं विचारते. अन् "उदास" हा शब्द आमच्याकडे कोणी बोलत नाही, जीव लागत नाही म्हणतात, डोक्सं जड झालं म्हणतात. प्रश्न गावच्या बोलीत करा, मग दुसऱ्या कोणाकडून उलटे प्रमाण भाषेत करून घ्या, अर्थ तोच राहिला का बघा.

एका घरी सासूबाई बाजेवर बसल्या होत्या, सुनेनं नऊच्या नऊ प्रश्नांना "नाही" म्हटलं. मी पाणी मागितलं, तिच्या मागं चुलीपाशी गेले, तर हळूच म्हणाली, "भाकर करपते ताई, समोर बसून राहते तरी कळत नाही." दुसऱ्या दिवशी तिच्या वावरात, पराटीच्या (कपाशीच्या) ओळीत उभं राहून पुन्हा पूर्ण फॉर्म भरला. मार्क 16. ओसरीवरचाच फॉर्म राहिला असता तर ती आकड्यात धडधाकट म्हणून गेली असती.

नववा प्रश्न जीव द्यायच्या विचारांचा असतो. तिथं "हो" आलं तर पेन खाली ठेवा, घाईनं उठू नका, एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर तिथंच लावून द्या, अन् जवळच्या डॉक्टरशी बोलणं सर्व्हे सुरू व्हायच्या आधीच करून ठेवलेलं असू द्या.