घरात मॉर्फिन असताना

अण्णांना तोंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी मॉर्फिन या तीव्र पेनकिलरच्या 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या, दर चार तासांनी एक. पंधरा दिवसांच्या 90 गोळ्या मी देवघराखालच्या खणात ठेवल्या, आणि तेराव्या दिवशीच खण रिकामा. कोणी घेतल्या ते पुढे कळलं, इथे सांगत नाही. चूक माझीच, मी मोजत नव्हते.

म्हणून आधी एक वही घाला. तारीख, वेळ, दिल्या किती, उरल्या किती, देणाऱ्याची सही. गोळ्या कपाटात कुलपाआड, किल्ली एकाच माणसाकडे. रात्री झोपण्याआधी मोजायचं. भेटायला येणाऱ्यांना गोळीचं नाव सांगायची गरज नाही.

शेजारच्या काकू गुडघा चोळत म्हणतील, "एक दे गं मला." द्यायची नाही, वाईटपणा आला तरी. अण्णांच्या अंगाला सवय झालेली असते. नवख्या माणसाचा श्वास त्याने मंदावू शकतो, वर दारू किंवा झोपेची गोळी असली तर जास्तच. हाक मारून उठत नाही, बाहुल्या टाचणीएवढ्या, ओठ निळे, असं दिसलं की 108 ला फोन. लाजेपोटी गोळीचं नाव लपवू नका. नॅलॉक्सोन हा त्यावर उतारा आहे, पण काय घेतलंय ते डॉक्टरांना कळायला हवं.

ट्रामाडॉललाही हेच लागू. लोक त्याला साधी पेनकिलर समजतात, पण 2018 पासून ते एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.

गोळ्या कमी भरल्यावर मी घाबरून डॉक्टरांना न सांगता दोन दिवस ढकलले. अण्णा भिंतीकडे तोंड करून रात्रभर कण्हत होते. एवढं मात्र करू नका. दुखण्यासाठी वेळेवर घेतलेली गोळी म्हणजे व्यसन नव्हे. शेवटी खरं सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत. वही घालायला सांगितली आणि पुढे सात-सात दिवसांच्याच गोळ्या देऊ लागले. (शौचाला साफ होण्याचं औषधही सोबत मागून घ्या.)

गिळणं बंद झाल्यावर फेंटानिल या तशाच तीव्र पेनकिलरचा, अंगाला चिकटवायचा पॅच आला. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा; उघडा टाकला आणि पोराच्या हाती लागला तर जिवावर बेतेल.

अण्णा गेल्यावर दिवसपाणी उरकायच्या आतच उरलेल्या गोळ्या दवाखान्यात परत केल्या. तशी सोय नसेल तर संडासात टाकून पाणी सोडा. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या 2025 च्या सूचनांत अशा औषधांसाठी तेच सांगितलंय. माझ्याकडे 19 निघाल्या. वहीतली शेवटची नोंद तीच.