प्रोसेसर मागवण्याआधी चिपसेटचं नाव वहीत लिहा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासूनचा लागतो. तेव्हापासून गोव्यात फोंड्यातल्या डीटीपीवाल्यापासून डिचोलीतल्या ट्यूशन क्लासपर्यंत जो तो एकच विचारतो: काँप्युटर इंटेलच्या सहाव्या किंवा सातव्या जनरेशनचा आहे, सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) ११५१ आहे, आठव्या जनरेशनचा प्रोसेसरही ११५१ मध्येच बसतो, मग तो घालून विंडोज ११ का करू नये? प्रोसेसर बसेल हो, पण काँप्युटर चालू होणार नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलने आठवं जनरेशन आणलं तेव्हा पिनांची संख्या तीच ठेवली, पण कुठल्या पिनेला काय जोडायचं ते बदललं आणि हे प्रोसेसर ३०० मालिकेच्या चिपसेटपुरते बांधून टाकले. चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी मदरबोर्डवरची चिप. एच११०, बी१५०, बी२५०, झेड२७० या आधीच्या चिपसेटवाल्यांची धाव सातव्या जनरेशनपर्यंतच. म्हणून पैसे मोजण्याआधी सॉकेटच्या जोडीला चिपसेटचं नाव हाताशी हवं. लॅपटॉपवाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, कारण गेल्या दहा वर्षांतल्या जवळपास सगळ्या लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेले असतात, बदलता येत नाहीत.

काँप्युटर चालू असेल तर स्क्रू खोलायची गरज नाही. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा. त्यात ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या ओळीत बोर्डाचं मॉडेल दिसतं, आणि बहुतेक वेळा चिपसेट त्या नावातच असतो. एच११०एम ने सुरू होणारं नाव म्हणजे एच११० चिपसेट. शेवटचा एम छोट्या आकाराच्या बोर्डाचा, त्याला चिपसेट समजू नका. त्याच खिडकीतलं बायोसचं (काँप्युटर सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरचं) व्हर्जन आणि तारीखही उतरवून घ्या, पुढे लागणार आहे.

खात्रीसाठी सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर घाला आणि मेनबोर्डचा टॅब उघडा. इथे हमखास गोंधळ होतो. ‘चिपसेट’ लिहिलेल्या ओळीत स्कायलेक (इंटेलचं) किंवा रायझन एसओसी (इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिचं) असं प्रोसेसरच्या घराण्याचं नाव दिसतं, आणि माणूस तेच लिहून मोकळा होतो. पूर्वी बोर्डावर नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज अशा दोन चिपा असायच्या. नॉर्थब्रिजचं काम केव्हाच प्रोसेसरच्या पोटात गेलं, पण सॉफ्टवेअरमधल्या ओळी तशाच राहिल्या. तुम्हाला हवं असलेलं नाव खालच्या ‘साउथब्रिज’च्या ओळीत आहे.

काँप्युटर बंदच पडलेला असेल तर कॅबिनेट उघडावं लागेल. मॉडेलचं नाव बोर्डावरच छापलेलं असतं, बरेचदा कार्डांच्या स्लॉटांमध्ये किंवा रॅमच्या आसपास. चिपसेटवरचा छोटा हीटसिंक उपटून खालचं वाचायच्या भानगडीत पडू नका. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात रिव्हिजन असतं, १.० किंवा २.० असं. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनच्या बायोस फाइली वेगळ्या असू शकतात, म्हणून टॉर्च लावून फोटो काढाच. कळंगुट, कोलव्याकडच्या घरांत खाऱ्या हवेने स्क्रू गंजलेले असतात आणि बोर्डावर कुठे कुठे हिरवट थर धरलेला असतो. सॉकेटच्या भोवती तसा थर दिसला तर त्या बोर्डावर नवा प्रोसेसर चढवण्याचा विचार सोडा.

ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डबे, आत क्यू१७० किंवा क्यू२७० असलेले, स्वस्तात मिळतात. त्यांच्या बोर्डावर कंपनीचा स्वतःचाच सांकेतिक नंबर असतो, म्हणून डब्यावरचं मॉडेल घेऊन कंपनीचं मॅन्युअल पाहा. चिपसेट योग्य असूनही अशा डब्यांचा बायोस अनेकदा त्या मॉडेलबरोबर विकलेलेच प्रोसेसर ओळखतो.

नाव सापडलं की ते नीट वाचा, विशेषतः फोनवर सांगताना. बी३५० एएमडीचा, बी३६० इंटेलचा. बी४५० एएमडीचा, बी४६० इंटेलचा. बी५५० आणि बी५६० चंही तसंच. एका आकड्याने घरच बदलतं, आणि हे नामकरण करणाऱ्यांना कुणीतरी एकदा दुकानाच्या काउंटरवर बसवायला हवं. इंटेलच्या १२०० सॉकेटमध्ये आणखी एक खोच आहे. एच४७० आणि झेड४९० वर बायोस अपडेट करून अकरावं जनरेशन चालतं, पण त्याच मालिकेतल्या एच४१० आणि बी४६० वर इंटेलने ते दिलेलं नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांचं नशीब बरं. २०१७ च्या ए३२० आणि बी३५० बोर्डांनाही २०२२ मध्ये एएमडीने रायझन ५००० चं दार उघडून दिलं, अर्थात बोर्डाच्या कंपनीने तसा बायोस काढला असेल तर. उलट दिशेला मात्र फसाल: बी५५० बोर्ड घेऊन त्यात जुना रायझन १००० घालू म्हणाल तर ते जमत नाही.

चिपसेटवरून अंदाज येतो, निकाल बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर लागतो. तिथे तुमच्या मॉडेलच्या पानावर ‘सीपीयू सपोर्ट’ची यादी असते. प्रोसेसरच्या पूर्ण नावासमोर कुठल्या बायोसपासून तो चालतो ते लिहिलेलं असतं. मघाशी उतरवलेलं व्हर्जन त्याहून जुनं असेल तर अपडेट आधी, जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करा. नवा चढवून बसलात आणि बायोस त्याला ओळखत नसला, तर पडदा काळाच राहतो आणि अपडेट करायलाही वाट उरत नाही. काही बोर्डांना प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून अपडेट घेणारं बटण असतं, पण स्वस्त बोर्डांत ते क्वचितच. फाइलीखालची टीपही वाचा, कारण काही नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरचा आधार काढलेला असतो.

अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो, आणि आपल्याकडे मे अखेरच्या वळवापासून गणेश चवथ उलटेपर्यंत विजेचा काय भरवसा! यूपीएस असेल तर त्याची बॅटरी आधी तपासा. प्लग काढून काँप्युटर पाच मिनिटंसुद्धा तग धरत नसेल तर तो यूपीएस शोभेचा. ढग गडगडत असताना हे काम काढूच नये, सकाळच्या कोरड्या वेळेला करावं.

त्याआधी डेटाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि ते तात्पुरतं थांबवा. एएमडीवर प्रोसेसर बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना एफटीपीएम (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग) रीसेट करायचं का, वाय की एन, असा प्रश्न येतो. की जवळ नसताना वाय दाबलं तर डिस्कला कुलूप लागू शकतं.

आता प्रोसेसरच्या नावामागची अक्षरं. नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरना आणि रायझन ५ ५६०० सारख्यांना स्वतःचं ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच उमटणार नाही. एच११० किंवा ए३२० च्या स्वस्त बोर्डावर ६५ वॅटच्या वर जाण्याचा मोह नको. एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) जुना असेल तर तोही पाहून घ्या. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावायच्या थर्मल पेस्टची नळी आणायला सगळे विसरतात.

एवढं करून वहीत एच११० च निघाला तर माझं मत स्पष्ट आहे. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत त्यावरचे प्रोसेसर नाहीत, तेव्हा त्यासाठी पैसे घालू नका. काम फक्त जलद हवं असेल तर सेकंड हँड आय५-७५०० आणि एसएसडी पुरे. विंडोज ११ च हवं असेल तर बोर्ड बदला. एच६१० चे डीडीआर४ रॅम घेणारे बोर्ड मिळतात, म्हणजे सध्याची रॅम डीडीआर४ असेल तर ती तरी वाचते.

मागवताना दुकानदाराला प्रोसेसरचं नाव एकटं सांगू नका. बोर्डाचं पूर्ण मॉडेल, रिव्हिजन आणि बायोस व्हर्जनची ओळ मेसेजमध्ये पाठवा आणि त्यावर त्याचं उत्तर लेखी घ्या. पणजी-मडगावात घेतलात तर बोर्ड सोबत नेऊन तिथेच चालवून बघता येतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवणार असाल तर न चालल्यास परत पाठवायचा खर्च कोणाचा, हे पैसे पाठवण्याआधी ठरवा. आणि नवा नीट चालेपर्यंत जुना प्रोसेसर विकू नका, त्याच्याच प्लास्टिकच्या डबीत ठेवा. बायोस पुन्हा मागे न्यायची वेळ आली तर तोच लागेल.